तहान लागण्याआधी विहीर

पाठपरिचय

आजारावर उपाय शोधण्याचे काम माणूस हजारो वर्षे करीत आला आहे. निरनिराळ्या देशांत या कामाच्या निरनिराळ्या वाटा तयार झाल्या. पाश्चात्त्य वैद्यक, आयुर्वेद आणि चिनी वैद्यक या त्यांपैकी तीन मोठ्या वाटा होत. सातारा व सांगली जिल्ह्यांतील उदाहरणे घेऊन या पाठात त्यांची तुलना केली आहे. कोणत्याही औषधाबद्दल कोणता प्रश्न विचारावा आणि आजार होण्यापूर्वीच काय करावे, हे या पाठातून आपल्याला शिकायचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुमच्या दादीला खोकला झाला आहे. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. खोकला काही थांबत नाही. संध्याकाळी अंगात बारीक ताप असतो. जेवण कमी झाले आहे. दादी म्हणते, "होईल बरं. काढा घेते आहे ना!" चाचा म्हणतात, "एक इंजेक्शन देऊन आणू, म्हणजे झालं." शेजारच्या खाला सांगतात, "आमच्या ओळखीचे एक जण सुया टोचून सगळे आजार बरे करतात." अब्बा विचारात पडतात. ते तुमच्याकडे पाहतात, कारण घरात शाळेत शिकणारे तुम्हीच आहात. तुम्ही काय सांगाल?

उत्तर देण्याची घाई करू नका. आधी आपण थोडा प्रवास करू.

सातारा शहरात एक जुने महाविद्यालय आहे. त्याचे नाव 'आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय'. हे नाव फोडून पाहा. 'आर्य' आणि 'आंग्ल' असे दोन शब्द त्यात एकत्र आले आहेत. आर्य वैद्यक म्हणजे आपला आयुर्वेद आणि आंग्ल वैद्यक म्हणजे इंग्रजी वैद्यक. ज्यांनी हे नाव ठेवले, त्यांच्या मनात काय असेल ते या एका शब्दावरून कळते. देशी विद्या सोडायची नाही आणि परकी विद्या नाकारायची नाही. दोन्ही शिकायच्या आणि दोन्हींचा रोग्याला उपयोग करून द्यायचा.

आता साताऱ्याहून रेल्वेने दक्षिणेकडे निघू. काही तासांतच सांगली जिल्ह्यातील मिरज लागते. मिरज म्हटले की मीरासाहेबांचा दर्गा आठवतो. मिरजेचे सतारी व तंबोरे आठवतात. तशीच मिरज दवाखान्यांसाठीही ओळखली जाते. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली भारतात आले. त्यांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले. तेथे शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि दूरदूरचे रोगी मिरजेला येऊ लागले. वानलेस यांनी येथील तरुणांना वैद्यकाचे शिक्षणही दिले. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या एका वस्तीला आजही 'वानलेसवाडी' म्हणतात. तेथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले होते. पुढे १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन वाटा आपण पाहिल्या. तिसरी वाट चीनची. चीन फार लांब आहे, असे तुम्हाला वाटेल. पण सांगलीच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याने चीनशी एक नाते जोडले आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा भारतातून पाच डॉक्टरांचे पथक १९३८ साली चीनला गेले. कोटणीस त्या पथकात होते. त्यांनी रणभूमीवरील जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि तेथेच ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू मायदेशी परतले. पुढे त्यांनी चीनमध्ये जाऊन सुया टोचून उपचार करण्याची विद्या शिकून घेतली आणि कोलकात्यात तिचा प्रसार केला. हिलाच 'ॲक्युपंक्चर' म्हणतात. म्हणजे आपण चीनला शल्यचिकित्सक दिला आणि चीनने आपल्याला सुईची विद्या दिली. विद्येला सरहद्द नसते, ती अशी.

या तीन वाटांत फरक कोणता? दादीला तिन्ही ठिकाणी नेले, तर काय होईल ते पाहू.

पाश्चात्त्य पद्धतीचा डॉक्टर छातीला नळी लावून आवाज ऐकेल. थुंकी तपासायला सांगेल. छातीचे चित्र काढायला सांगेल. त्याचा प्रश्न असतो, "या खोकल्याचे नेमके कारण काय?" जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. हजारो वर्षे माणसे मारणाऱ्या या रोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. कारण सापडले की त्यावर नेम धरता येतो. ही या पद्धतीची शक्ती आहे.

आयुर्वेदाचा वैद्य नाडी पाहील. भूक कशी आहे, झोप लागते का, पोट साफ होते का, कोणत्या ऋतूत त्रास वाढतो, हे विचारील. वात, पित्त आणि कफ यांचा तोल बिघडला म्हणजे आजार होतो, असे आयुर्वेद मानतो. म्हणून त्याचे लक्ष रोगाइतकेच रोग्यावर असते. एकच औषध सर्वांना सारखे मानवत नाही, असे तो सांगतो.

तुमच्या ओळखीचे हकीमसाहेबही असेच नब्ज पाहतात ना? यूनानी वैद्यकात दम, बलगम, सफरा आणि सौदा या चार खिल्तांचा तोल महत्त्वाचा मानतात. आयुर्वेद आणि यूनानी या एकमेकींना ओळखणाऱ्या विद्या आहेत. अब्बासी खलिफांच्या काळात चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांची अरबीत भाषांतरे झाली. इब्न सीना यांचा 'अल-कानून' हा ग्रंथ युरोपातील विद्यापीठांत काही शतके शिकवला जात होता. तेव्हा 'आपले' आणि 'त्यांचे' अशी भिंत वैद्यकात कधीच पक्की नव्हती.

चिनी वैद्यही दोन्ही मनगटांवरची नाडी पाहील. शिवाय जीभ बाहेर काढायला सांगेल आणि तिचा रंग नीट न्याहाळील. यिन आणि यांग अशा दोन परस्परविरोधी शक्तींचा तोल शरीरात असतो, असे चिनी वैद्यक मानते. 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि तो प्रवाह अडला की दुखणे येते, अशी त्याची कल्पना आहे. तो मार्ग मोकळा करण्यासाठी बारीक सुया टोचतात. त्याबरोबर वनस्पतींचे काढेही देतात.

वात-पित्त-कफ, खिल्त, यिन-यांग आणि ची या कल्पना सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. जंतू दिसतो. पण माणूस म्हणजे केवळ जंतूंचे घर नव्हे. त्याचा आहार, झोप, काम आणि चिंता यांचाही त्याच्या आजाराशी संबंध असतो. जुन्या विद्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते.

मग विश्वास कोणावर ठेवावा? यासाठी तुम्हाला एक लहानसा प्रश्न देतो. तो कायम खिशात ठेवा. प्रश्न असा : "कशावरून?"

हे औषध गुणकारी आहे, असे कोणी सांगितले की विचारा, "कशावरून?" किती रोग्यांना दिले? किती बरे झाले? औषध न घेताही तेवढेच बरे झाले असते का? कोणाला अपाय झाला का? हा प्रश्न वैद्याला विचारा, डॉक्टरला विचारा आणि सुया टोचणाऱ्यालाही विचारा. त्यातून कोणालाही सूट नाही.

हा प्रश्न विचारला की जुन्या विद्येचे नुकसान होत नाही. उलट तिच्यातले सोने उजळून निघते. तीन उदाहरणे पाहा.

सर्पगंधा ही आयुर्वेदाला माहीत असलेली वनस्पती. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाब वाढलेल्या रोग्यांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली त्या प्रसिद्ध केल्या. जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष तिकडे गेले. पुढे तिच्या मुळीतून 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

अडुळशाचा काढा तुमच्या घरीही होत असेल. अडुळशात 'व्हॅसिसीन' नावाचे द्रव्य असते. त्याच्या अभ्यासातूनच छातीतला कफ पातळ करणारे 'ब्रोमहेक्झिन' हे औषध तयार झाले. डॉक्टरांनी दिलेल्या खोकल्याच्या बाटलीवर हे नाव कधी तरी वाचून पाहा. दादीच्या काढ्याचे आणि चाचांच्या बाटलीचे असे नाते आहे.

तिसरे उदाहरण चीनचे. हिवतापाची जुनी औषधे चालेनाशी झाली होती. तू यूयू या चिनी संशोधिकेने जुने ग्रंथ चाळले. सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घ्यावा, असे सांगितले होते. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने औषधाचा गुण नष्ट होत असावा, हे तिच्या लक्षात आले. तिने कमी उष्णतेवर अर्क काढला आणि तो गुणकारी ठरला. रोग्यांना देण्यापूर्वी तिने व तिच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. या 'आर्टेमिसिनिन'मुळे असंख्य हिवतापाच्या रोग्यांचे प्राण वाचले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. जुना ग्रंथ आणि नवी प्रयोगशाळा यांची ही भेट होती.

जुनी विद्या लिहून ठेवलेली असली, तर आणखी एक लाभ होतो. हा धडा हळदीने शिकवला. सांगलीची हळद प्रसिद्ध आहे. सांगलीजवळच्या हरिपूर येथे जमिनीखाली खोल पेवे खणून त्यांत हळद साठवीत असत. जखमेवर हळद दाबण्याचे ज्ञान आपल्या प्रत्येक घरात आहे. तरीही १९९५ साली अमेरिकेत, हळदीने जखम भरते या गोष्टीवर मालकी हक्क, म्हणजे पेटंट, देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संस्थेने त्याला आव्हान दिले. आमची आजी हे करते, एवढे म्हणून चालले नसते. म्हणून जुन्या ग्रंथांतले आणि छापील लेखांतले पुरावे सादर केले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्यानंतर देशी औषधविद्येची मोठी नोंद तयार करण्यात आली. त्यात संस्कृत ग्रंथांबरोबरच अरबी, फारसी आणि उर्दू ग्रंथही घेतले आहेत. म्हणजे तुमच्या भाषेनेही या ठेव्याला हातभार लावला आहे.

"कशावरून?" हा प्रश्न विचारला नाही, तर काय होते तेही ऐका. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात 'थॅलिडोमाइड' नावाची गोळी गरोदर स्त्रियांना देण्यात आली. तिची पुरेशी तपासणी झाली नव्हती. हजारो बालके हातपाय अपुरे घेऊन जन्मली. ही चूक पाश्चात्त्य वैद्यकाची होती. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींची औषधे घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. एक विषारी वनस्पती त्यांत आली होती. म्हणून 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हे म्हणणे खरे नाही आणि 'गोळी महाग म्हणजे चांगली' हेही खरे नाही.

आता या पाठाच्या नावाकडे वळू. तहान लागल्यावर विहीर खणणे, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. उर्दूतही हीच गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गंमत अशी, की चिनी वैद्यकाच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातही हाच दाखला आहे. आजार झाल्यावर औषध देणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे आहे. खरा जाणता तो, जो आजार येण्यापूर्वीच उपाय करतो, असे तो ग्रंथ सांगतो. आयुर्वेदही निरोग्याचे आरोग्य राखणे हे आपले पहिले काम मानतो आणि रोग्याला बरे करणे त्यानंतरचे. त्यासाठी तो दिनचर्या आणि ऋतुचर्या सांगतो. यूनानी हकीम स्वच्छ हवा, योग्य आहार, व्यायाम व विश्रांती, झोप, मनाची शांती आणि पोटाची स्वच्छता यांवर भर देतात. पाश्चात्त्य वैद्यकाने शुद्ध पाणी, साबण आणि लस दिली. इतर बाबतींत मतभेद असले, तरी येथे सर्वांचे एकमत आहे.

देवीच्या रोगाची कथा तर सर्वांच्या सहकार्याचीच आहे. चीनमध्ये देवीच्या खपल्यांची पूड नाकात फुंकत असत. भारतात त्वचेवर ओरखडा काढून देवी टोचत असत. त्यामुळे सौम्य रोग होऊन बहुतेकांना पुढे संरक्षण मिळे. पण काही जण दगावतही. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवीचा उपयोग करून हा धोका पुष्कळ कमी केला. १८०२ साली ही लस भारतात पोहोचली आणि मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. १९७५ साली भारतातील देवीचा शेवटचा रोगी आढळला. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. तुमच्या दादीच्या दंडावर लशीचे गोल व्रण असतील. ते पाहा. त्या व्रणांनी एक रोग पृथ्वीवरून हाकलला आहे.

ज्या रोगावर उपाय हाती नसतो, तेव्हा काय होते हेही आपल्या भागाने पाहिले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच इतरत्र पसरला. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण ती सर्वांपर्यंत पोहोचायला वेळ लागला. त्याच वर्षी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. विहीर खणून होण्याआधीच तहानेने आपली एक थोर शिक्षिका गेली.

क्षयरोगाचेही तसेच होते. सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलीमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले होते. त्या काळी क्षयाच्या जंतूला मारणारे औषध नव्हते. डोंगरावरची हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच हाती होते. काही रोगी त्याने सुधारत, पण अनेक जण वाचत नसत. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध १९४० नंतरच्या काळात सापडले. त्यानंतर आणखी औषधे आली आणि चित्र पालटले. आज साध्या क्षयाचा रोगी पूर्ण उपचार घेतला तर बरा होतो.

आता चला, दादीकडे परत जाऊ. अब्बा अजून तुमच्या उत्तराची वाट पाहत आहेत.

त्यांना सांगा, "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असला, तर आधी थुंकीची तपासणी करायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. उद्या सकाळीच दादीला घेऊन जाऊ." तपासणीत क्षय निघाला, तर डॉक्टर सांगतील तितके महिने, बहुधा सहा महिने, औषध एकही दिवस न चुकवता द्यायचे. तेही मोफत मिळते. दोन महिन्यांत खोकला थांबेल आणि दादी म्हणेल, "आता बरी आहे मी, गोळ्या पुरे." तेव्हा ऐकायचे नाही. मध्येच औषध सोडले, तर उरलेले जंतू चिवट होतात आणि पुढे तीच औषधे त्यांना मारू शकत नाहीत. घरातील सर्वांचीही तपासणी करून घ्यायची. खिडक्या उघड्या ठेवायच्या. दादीला खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगायचे.

आणि काढा? डॉक्टरांना विचारून द्या. दूध, अंडी, डाळी आणि भाज्या भरपूर द्या. दादीशेजारी बसून तिच्याशी बोला. सुयांनी काही प्रकारच्या दुखण्यांत आराम मिळतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पण क्षयाचा जंतू सुईने मरत नाही. चाचांच्या एका इंजेक्शननेही तो मरत नाही.

काही प्रसंग असे असतात, की तेथे विचार करायलाही वेळ नसतो. उसाच्या फडात साप चावला, तर मंत्र, झाडपाला, चिरा देणे किंवा घट्ट बांधणे यांत वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू देऊ नका आणि रोग्याला लगेच रुग्णालयात न्या. सापाच्या विषावर प्रतिविष हाच उपाय आहे. कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा. पिसाळ रोग एकदा सुरू झाला, की बहुतेक कोणीच वाचत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी वैद्य, कोणी हकीम, कोणी परिचारिका. कोणी यांपैकी काहीही होणार नाही. पण प्रत्येकाच्या घरी एक दादी असतेच. साताऱ्याच्या महाविद्यालयाच्या नावात दोन विद्या शेजारी बसल्या आहेत. तशाच त्या तुमच्या मनातही बसू द्या. सर्वांचा आदर करा, सर्वांना "कशावरून?" असे विचारा आणि तहान लागण्याआधी विहीर खणा.

शब्दार्थ

आरोग्यधाम – रोग्यांनी राहून बरे होण्याचे ठिकाण
क्षयरोग – टीबी, तपेदिक
चिवट – सहज न मरणारा, न तुटणारा
दाखला – उदाहरण, मिसाल
देवी – चेचक
पेव – धान्य किंवा हळद साठवण्याचा जमिनीखालचा खड्डा
प्रतिविष – विषाचा परिणाम घालवणारे औषध
मूत्रपिंड – गुर्दा
व्रण – जखमेची खूण
शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
सकस – पोषण देणारा
हिवताप – मलेरिया

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'आर्यांग्ल' या शब्दात कोणते दोन शब्द एकत्र आले आहेत?
(आ) मिरजेचे मिशन रुग्णालय कोणी व केव्हा सुरू केले?
(इ) डॉ. कोटणीस चीनला का गेले?
(ई) जग देवीमुक्त झाल्याचे केव्हा जाहीर झाले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) क्षयाचे औषध मध्येच सोडू नये.
(आ) अमेरिकेतील हळदीचे पेटंट रद्द झाले.
(इ) तू यूयू यांनी अर्क कमी उष्णतेवर काढला.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाश्चात्त्य डॉक्टर, वैद्य आणि चिनी वैद्य रोग्याची तपासणी कशी करतात?
(आ) 'आजार टाळण्याच्या बाबतीत सर्वांचे एकमत आहे', हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ४. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' या म्हणीचा अर्थ सांगून तिचा वाक्यात उपयोग करा. याच अर्थाची उर्दू म्हण लिहा.

प्र. ५. उपक्रम : तुमच्या घरातील वडील माणसांना विचारून पाच घरगुती उपायांची यादी करा. प्रत्येक उपायापुढे "कशावरून?" हा प्रश्न लिहा आणि मिळालेले उत्तर वर्गात वाचून दाखवा.